लाइम बरा झाला, त्रास उरला: विम्याचा पैसा कुठे जायला हवा

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स आणि न्यू यॉर्क राज्यातला हडसन नदीकाठ हा गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम या जिवाणूजन्य आजाराचा मुख्य पट्टा. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्तीही याच पट्ट्यात आहे. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर या आजाराचे उपचार होतात आणि त्यांतले बहुतेक जण अँटिबायोटिकच्या एका छोट्या कोर्सने खडखडीत बरे होतात. शंभरातले पाच-दहा मात्र होत नाहीत. औषध पूर्ण घेऊन सहा महिने उलटले तरी त्यांना जिना चढवत नाही, सांधे ठणकत राहतात, रात्रभर झोपूनही सकाळी अंग आंबलेले असते, साधा ईमेल दोनदा वाचल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. वैद्यकात याला पोस्ट-ट्रीटमेंट लाइम डिसीज सिंड्रोम म्हणतात.

या माणसांची कोंडी दोन्ही बाजूंनी होते. नेहमीचा डॉक्टर पंधरा मिनिटांच्या भेटीत रिपोर्ट पाहतो, ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणतो आणि विषय संपवतो. मग रुग्ण अशा दवाखान्यात पोहोचतो जिथे विमा चालत नाही, पहिल्या भेटीचेच शेकडो डॉलर मोजावे लागतात, पण तिथला डॉक्टर तासभर ऐकून घेतो आणि महिनोन्‌महिने चालणारी अँटिबायोटिक लिहून देतो. पहिल्याने त्रास नाकारला, दुसऱ्याने त्रास मानला पण चुकीचे औषध दिले. आमचे म्हणणे असे की या दोन चुका एकमेकींवर पोसल्या जातात. विम्याचा आणि सरकारचा पैसा लांबलेल्या अँटिबायोटिककडून तपासणी, पुनर्वसन आणि संशोधनाकडे वळवला, तरच ही कोंडी फुटेल.

रुग्णांचे ऐकायलाच हवे, हा धडा या आजाराच्या जन्मकथेतच आहे. १९७५ साली कनेटिकटमधल्या लाइम आणि ओल्ड लाइम या गावांतल्या आयांनी आपल्या आणि शेजारपाजारच्या मुलांचे गुडघे एकाच वेळी का सुजताहेत, असा प्रश्न लावून धरला. मुलांना संधिवात आहे एवढेच उत्तर त्यांना पटेना. त्यांच्या आग्रहामुळे येल विद्यापीठाचे ॲलन स्टीअर तपासाला लागले आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात मळसूत्री आकाराचा जिवाणू सापडला. त्यांच्याच नावावरून त्याला बोरेलिया बर्गडॉर्फेरी म्हणतात. त्या आया ‘सगळं नॉर्मल आहे’ ऐकून घरी बसल्या असत्या, तर हा आजार ओळखायला आणखी किती वर्षे लागली असती!

पण रुग्णाचा त्रास मानणे वेगळे आणि त्याचे कारण जिवंत जिवाणूच असणार असे धरून चालणे वेगळे. हे दुसरे गृहीतक तपासून झाले आहे, तेही अनेकदा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत काही रुग्णांना ३० दिवस शिरेतून सेफ्ट्रियाक्सोन आणि त्यानंतर ६० दिवस डॉक्सिसायक्लिन दिले, बाकीच्यांना औषधासारखे दिसणारे निष्क्रिय द्रव्य. सुधारणा दोन्ही गटांत जवळपास सारखीच निघाली. २००३च्या चाचणीत २८ दिवसांच्या सेफ्ट्रियाक्सोनने थकवा काही जणांचा कमी झाला, पण विचारांचा वेग सुधारला नाही. शिवाय उपचारातल्या गुंतागुंतीमुळे काहींना रुग्णालयात भरती करावे लागले. २००८ साली दहा आठवड्यांचा कोर्स तपासला. बाराव्या आठवड्यात स्मरणशक्ती सुधारल्यासारखी दिसली, चोविसाव्या आठवड्यापर्यंत तो फरक पुसला गेला. २०१६ साली नेदरलँड्समध्ये २८० रुग्णांवर झालेल्या अभ्यासातही दोन आठवड्यांच्या सेफ्ट्रियाक्सोननंतर आणखी बारा आठवडे अँटिबायोटिक देऊन काही जादा फायदा झाला नाही.

२००३ सालचा थकव्याचा निष्कर्ष लांब कोर्सचे समर्थक वारंवार पुढे करतात. तो खोटा नाही. पण एका लक्षणात थोडा फरक, तोही शिरेतल्या नळीची जोखीम पत्करून, एवढ्यावर महिनोन्‌महिने चालणारा उपचार उभा राहत नाही. ही नळी दंडातून आत सरकवून थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली असते. तिच्या टोकाशी रक्ताची गुठळी होऊ शकते, तिच्यावाटे जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. लांबलेल्या अँटिबायोटिकने आतड्यातले उपयुक्त जंतू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूचा अतिसार मागे लागतो. सीडीसीने २०१७ साली ‘क्रॉनिक लाइम’च्या, म्हणजे जिवाणू अजून अंगात आहेच असे धरून केलेल्या निदानाच्या, नावाखाली उपचार घेताना गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. थकवा आणि सांधेदुखीसाठी उपचार घेणारी, चाळिशीही न गाठलेली एक स्त्री त्यात सेप्टिक शॉकने दगावली.

या दवाखान्यांतली एक गोष्ट रुग्णांनी नीट समजून घ्यावी. लाइमचे औषध सुरू केल्यावर पहिल्या २४ तासांत काही जणांना थंडी-ताप येतो, अंग दुखते. मरणाऱ्या जिवाणूंमुळे होणारी ही यारिश-हेर्क्सहायमर प्रतिक्रिया खरी आहे आणि साधारण दिवसभरात ओसरते. मात्र तिसऱ्या महिन्यात त्रास वाढला तरी ‘हर्क्स होतंय, म्हणजे औषध लागू पडतंय’ असे सांगितले जाते. बरे वाटले तर औषधाचा गुण, बिघडले तरी औषधाचाच गुण. कुठल्याही परिणामाने जो दावा खोटा ठरू शकत नाही, त्याच्यावर घरातली बचत लावू नये. लघवीतून लाइम शोधणारी चाचणी, सीडी-५७ पेशींची मोजणी, सूक्ष्मदर्शकाखाली ‘जिवंत रक्त’ दाखवणे, हेही प्रमाणित नाही. प्रयोगशाळेला सरकारी परवाना आहे म्हणजे तिची प्रत्येक चाचणी खरी, असे होत नाही. परवाना प्रयोगशाळेच्या कामकाजाचा असतो. ती चाचणी आजार खरोखर ओळखते की नाही, हे वेगळे सिद्ध करावे लागते.

आता कायद्याकडे येऊ. कनेटिकट, ऱ्होड आयलंड अशा राज्यांनी लाइमच्या उपचारांबाबत विमा कंपन्यांवर बंधने घातली, तर मॅसॅच्युसेट्सने २०१६ साली परवानाधारक डॉक्टरने लिहून दिलेल्या दीर्घकालीन अँटिबायोटिकचा खर्च विम्याने द्यावा असा कायदाच केला. त्यामागची कळकळ आम्हाला कळते. आमदारांच्या समोर रडकुंडीला आलेली कुटुंबे बसलेली होती, विमा कंपन्या त्यांना दाद देत नव्हत्या. पण चाचण्यांत नापास झालेला उपचार विधिमंडळात मतदानाने पास होत नसतो. त्या कायद्याने हमी मिळाली ती सलाइनला. त्याच रुग्णाला लागणारी फिजिओथेरपी, स्मरणशक्तीची सविस्तर तपासणी, झोपेची तपासणी, यांच्यावर वर्षाकाठी भेटींची मर्यादा, पूर्वपरवानगीची अट आणि भरमसाट को-पे (दर भेटीला रुग्णाने भरायचा वाटा) तसेच राहिले.

तज्ज्ञांच्या बाजूचीही मोठी चूक आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. लाइमसाठी रक्ताची तपासणी दोन पायऱ्यांची असते. आधी एलायझा प्रकारची चाचणी, ती पॉझिटिव्ह किंवा संशयास्पद आली तर वेस्टर्न ब्लॉट किंवा दुसरी एलायझा. दोन्ही चाचण्या जिवाणू नव्हे, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्ये शोधतात. ती बनायला काही आठवडे लागतात, म्हणून गोचीड चावल्यावर कातडीवर लाइमचा चट्टा उठल्यानंतर पहिल्या दिवसांत केलेली चाचणी निम्म्याहून अधिक वेळा निगेटिव्ह येते. अशा वेळी ‘टेस्ट निगेटिव्ह, लाइम नाही’ म्हणून रुग्णाला परत पाठवणे ही सरळ चूक आहे. लाइमच्या प्रदेशात तो चट्टा दिसला की चाचणीची वाटच पाहायची नसते, औषध सुरू करायचे असते. उलट बाजूने, प्रतिद्रव्ये बरे झाल्यावरही वर्षानुवर्षे रक्तात राहतात. त्यामुळे कोर्सनंतर ‘अजून आहे का पाहू’ म्हणून पुन्हा केलेली चाचणी काहीच सांगत नाही, फक्त घबराट वाढवते. वेस्टर्न ब्लॉटमध्ये आयजीएम या आधी बनणाऱ्या प्रतिद्रव्याच्या तीनपैकी दोन पट्ट्या पॉझिटिव्ह धरायच्या त्या आजाराच्या पहिल्या महिन्यापुरत्याच. नंतर आयजीजी या उशिरा बनणाऱ्या प्रतिद्रव्याच्या दहापैकी पाच पट्ट्या लागतात. वर्षभराच्या थकव्यानंतर निघालेल्या एकट्या आयजीएमवरून लाइम ठरवून सुरू केलेले उपचार कमी नाहीत.

आणि चट्ट्याचे काय? माहितीपत्रकांत छापलेला चट्टा गोऱ्या कातडीवरचा असतो, लालबुंद, मधे पांढरट, नेमबाजीच्या चक्रासारखा. आपल्या सावळ्या किंवा गव्हाळ कातडीवर तो बहुतेकदा तसा दिसत नाही. जांभळट, तपकिरी किंवा नुसताच काळपट डाग दिसतो, मधला पांढरट भाग अनेकदा नसतोच. तो सहसा खाजत नाही, दुखत नाही. गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली किंवा केसांत असतो, म्हणजे स्वतःला सहज न दिसणाऱ्या जागी. ओळख पटवणारी खरी खूण म्हणजे तो दिवसागणिक पसरतो. डास चावल्याची गांधी एक-दोन दिवसांत मावळते, हा चट्टा ५ सेंटिमीटरपलीकडे जातो. पहिल्या दिवशी पेनाने त्याच्या कडेची रेघ आखावी, शेजारी नाणे धरून फोटो काढावा, रोज काढावा. व्हिडिओ कॉलवरच्या डॉक्टरला या चार फोटोंनी जे कळते ते वर्णनाने कळत नाही. काळ्या वर्णाच्या रुग्णांत लाइम उशिरा, बऱ्याचदा सांध्यापर्यंत किंवा मज्जातंतूंपर्यंत पोहोचल्यावरच ओळखला जातो. उशीर झाला की मागे त्रास उरण्याची शक्यता वाढते. म्हणून सावळ्या कातडीवरच्या चट्ट्यांची चित्रे प्रत्येक अर्जंट केअरच्या भिंतीवर लागणे हा रेंगाळणारा लाइम कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पहिल्या टप्प्यातला उपचार स्वस्तच आहे. मोठ्या माणसाला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० दिवस. गरोदर स्त्रीला किंवा डॉक्सिसायक्लिन न चालणाऱ्याला अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १४ दिवस. गुडघा सुजला असेल तर कोर्स २८ दिवसांचा. जेनेरिक कॅप्सूल सवलतीच्या कूपनवर थोड्या डॉलरमध्ये मिळतात. मात्र ‘डिलेड रिलीज’ प्रकार लिहून दिला तर तेच औषध कितीतरी महाग पडते, म्हणून काउंटरवरच साधी कॅप्सूल किंवा गोळी चालेल का, हे विचारून घ्यावे. दुधाच्या चहाबरोबर ही गोळी घेऊ नये. दुधातले कॅल्शियम औषधाला बांधून ठेवते आणि ते पुरेसे रक्तात उतरत नाही. लोहाची गोळी, कॅल्शियम, ॲसिडिटीचे औषध यांच्यापासूनही किमान दोन तासांचे अंतर हवे. पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्यावी आणि अर्धा-एक तास आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम होते. कोर्स चालू असेपर्यंत उन्हात कातडी लवकर भाजते, तेव्हा अंगभर कपडे घालावेत. खसखशीच्या दाण्याएवढी कोवळी गोचीड मे ते जुलैमध्ये सर्वाधिक चावते. ती ३६ तास किंवा जास्त वेळ चिकटलेली होती असे वाटले, तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅमची एकच मात्रा आजार टाळू शकते. काढताना बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढावी. व्हॅसलीन, रॉकेल, काडीचा चटका हे प्रकार करण्यात वेळ जातो आणि तेवढा वेळ गोचीड चिकटून राहते.

आता जे उरले त्यांचे. सहा महिन्यांनंतरही थकवा असेल तर आधी बाकीची कारणे झटकून काढायला हवीत. हिमोग्लोबिन, लोहाच्या साठ्यासाठी फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२, डी जीवनसत्त्व, साखरेसाठी एचबीए१सी, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास असते आणि ती थकवा, मुंग्या, विसरभोळेपणा असे हुबेहूब लाइमचे सोंग घेते. घोरणे असेल तर झोपेतला श्वास तपासावा. त्याच पट्ट्यातल्या त्याच गोचिडीतून बॅबेसिया नावाचा मलेरियासारखा परजीवीही येतो, ताप-घाम चालू असेल तर प्रयोगशाळेत रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली पाहिजे, कारण डॉक्सिसायक्लिनने तो जात नाही. उभे राहिले की छातीत धडधड, चक्कर येत असेल तर घरीच पाहता येते. दहा मिनिटे आडवे पडून नाडी मोजा, मग भिंतीला पाठ टेकून स्थिर उभे राहा आणि दर मिनिटाला मोजा. रक्तदाब न उतरता नाडी मिनिटाला ३० ठोक्यांनी किंवा अधिक चढून तशीच राहिली, तर पॉट्स या स्थितीचा विचार होतो. त्यावर भरपूर पाणी, जास्त मीठ, पोटऱ्यांवरचे दाबमोजे आणि आडवे पडून किंवा बसून करायचा व्यायाम असे स्वस्त उपाय आहेत. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मीठ मात्र डॉक्टरला विचारूनच वाढवावे.

व्यायामाबाबत ‘जोर लावून करा’ हा सल्ला प्रत्येकाला लागू नाही. ज्यांना श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोसळायला होते, त्यांनी दोन आठवडे रोजची कामे आणि दुसऱ्या दिवशीची अवस्था वहीत लिहावी, कोसळणे कुठल्या मर्यादेनंतर येते ते ओळखावे आणि त्या मर्यादेच्या आत राहावे. बरा दिवस दिसला की राहिलेली सगळी कामे उरकायची, ही सवय इथे नडते. ज्यांना असे कोसळणे होत नाही, त्यांना हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम उपयोगी पडतो. गुडघा दोन योग्य कोर्सनंतरही सुजलेलाच असेल तर तिसरे अँटिबायोटिक शोधण्यापेक्षा संधिवाततज्ज्ञ गाठावा. जिवाणू मेल्यावरही त्याच्या कवचाचे तुकडे सांध्याच्या पाण्यात राहतात आणि सूज चालू ठेवतात, असे २०१९मध्ये दाखवून दिले गेले आहे. अशा सांध्याला मेथोट्रेक्सेटसारखी सूज दाबणारी औषधे लागतात.

पैशांचे बोलू. फिजिओथेरपीच्या चिठ्ठीवर नुसते ‘लाइम’ लिहिले की विमा कंपनी बऱ्याचदा नाकारते. ‘गुडघेदुखी’, ‘स्नायूंची कमजोरी’, ‘चालताना तोल जाणे’ अशा प्रत्यक्ष अडचणींचे कोड आणि त्या मोजलेल्या असल्याचा उल्लेख चिठ्ठीत असावा. नकार आला तर लेखी कारण मागावे, १८० दिवसांत कंपनीकडे अपील करावे, तिथेही नकार आला तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र परीक्षकाकडे. बरेच जण पहिल्याच नकाराला शेवटचा शब्द समजतात. ना-नफा रुग्णालयांना आर्थिक मदतीचे लेखी धोरण ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज घ्यावाच लागतो, बिल वसुलीकडे गेले असले तरी. सरकारी अनुदानावरच्या कम्युनिटी हेल्थ सेंटरांत उत्पन्नानुसार फी कमी होते. विमा नसेल तर उपचाराआधी खर्चाचा लेखी अंदाज मागण्याचा हक्क आहे. बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा अधिक वाढले तर १२० दिवसांत त्यावर दाद मागता येते. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी वर्षभर काम झाले असेल आणि त्यात १,२५० तास भरले असतील, तर बारा आठवड्यांची बिनपगारी वैद्यकीय रजा मिळते आणि गरज असेल तर ती अर्ध्या-अर्ध्या दिवसाने तोडून घेता येते. हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मेरीलँडमधल्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या रुग्णालयात संशोधनात सामील झालेल्या रुग्णाला उपचाराचे बिल येत नाही. उलट उपचारावरची एखादी ‘संशोधन-चाचणी’ सहभागी होण्याचे हजारो डॉलर मागत असेल, तर तिच्यापासून दूर राहिलेले बरे.

भारतात सेफ्ट्रियाक्सोन स्वस्त मिळते, तर सुट्टीत पुण्या-मुंबईला जाऊन महिनाभर इंजेक्शने घेऊ, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तो करू नये. औषध स्वस्त झाले तरी त्याचा फायदा वाढत नाही, नळीची जोखीम तीच राहते आणि जंतूंचा औषधाला प्रतिकार वाढवण्यात आपला हातभार लागतो. भारताच्या फेरीचा खरा उपयोग दुसरा आहे. वर सांगितलेल्या रक्तचाचण्या, संधिवाततज्ज्ञाची निवांत भेट, महिनाभराची रोजची फिजिओथेरपी हे सगळे अमेरिकेतल्या दोन-तीन भेटींच्या खर्चात होऊ शकते. जाताना चट्ट्याचे फोटो, चावल्याची तारीख-ठिकाण आणि मूळ रिपोर्ट बरोबर न्यावेत, कारण महाराष्ट्रातल्या डॉक्टरच्या डोक्यात लाइम पहिल्या फटक्यात येणार नाही. तिकडे तापाची चौकशी चिकुनगुन्या, डेंग्यू, स्क्रब टायफस, आणि सिंधुदुर्गात माकडताप इथून सुरू होते. उन्हाळ्यात मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांनीही परत गेल्यावर महिनाभरात ताप किंवा चट्टा आला, तर आपण कुठे राहून आलो हे डॉक्टरला आपणहून सांगावे.

२०२५ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञान-वैद्यक संस्थेने या रेंगाळणाऱ्या आजारावरच्या अहवालात म्हटले की मूळ कारण सापडेपर्यंत वाट न पाहता लक्षणांवरच्या उपचारांचे संशोधन आत्ताच व्हावे. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांना त्यासाठी नवा कायदा लिहायचीही गरज नाही. असलेल्या कलमातच निदान झाल्यापासून पहिल्या वर्षात फिजिओथेरपीच्या भेटींवर मर्यादा नाही, स्मरणशक्ती आणि झोपेच्या तपासणीला पूर्वपरवानगी नाही, आणि चाळीस मिनिटांच्या भेटीचे डॉक्टरला चाळीस मिनिटांचेच पैसे, एवढे तीन मुद्दे घालावेत. आपल्या राज्यातल्या आमदाराला पत्र लिहिणाऱ्याने हेच तीन मुद्दे मागावेत, आणि पत्राला विमा कंपनीच्या नकाराची प्रत जोडावी.